भूमापनाचा तपस्वी : कर्नल विल्यम लॅम्बटन

शेताची हद्द हा किती नाजूक विषय आहे, हे हुबळी-धारवाडच्या काळ्या जमिनीत राबणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. बांध हातभर सरकला की सख्खे भाऊ एकमेकांना पारखे होतात आणि दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. म्हणून मोजणीला आपल्या लोकजीवनात मोठे स्थान आहे. हा शब्द आपल्या मराठीत जितका रुळला आहे तितकाच तो येथील कन्नड कारभारातही रुळला असून, कर्नाटक सरकारच्या भूमापन खात्याची संगणकावरील व्यवस्थाही ‘मोजिनी’ याच नावाने ओळखली जाते.

आज मोजणीदार शेतात येतो तेव्हा त्याच्या हाती एक उंच दांडा असतो आणि त्या दांड्याच्या टोकावर उपग्रहांचे संदेश टिपणारे यंत्र बसविलेले असते. आकाशातील निदान चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळाले आणि जवळच्या एखाद्या कायम केंद्रावरील यंत्राशी ते ताडून पाहिले, म्हणजे उभे असलेल्या जागेचे स्थान काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने कळते. हे सारे यंत्र करते असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु दांडा सरळ धरावयाचा, बुडबुडा मध्यावर आला की नाही ते पाहावयाचे, नोंद चुकू द्यावयाची नाही आणि संशय आला तर पुन्हा मोजावयाचे, ही कामे माणसांचीच आहेत. अनेक माणसांची पथके रानोमाळ पाठवून, त्या सर्वांच्या नोंदींचा एकमेकींशी मेळ घालण्याची विद्या आपल्या देशात ज्याने प्रथम भव्य प्रमाणावर सिद्ध करून दाखविली, त्या कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर परगण्यात, अठराव्या शतकाच्या मध्यास एका साध्या शेतकरी कुटुंबात लॅम्बटन यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु मुलाची गणितातील गती पाहून त्याच्या शिक्षणाची सोय करण्यात आली. १७८१ साली ते ३३ व्या पायदळ पलटणीत कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल झाले आणि अमेरिकेत गेले. पुढे कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांनी अनेक वर्षे काढली. तेथील एकांतात मोजणीचे व्यावहारिक ज्ञान आणि गणिताचे ग्रंथ हेच त्यांचे सोबती होते. सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना काजळी धरलेली काच न वापरल्यामुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली असे सांगतात. पुढे ज्याला आयुष्यभर दुर्बिणीतून क्षितिजावरची निशाणे न्याहाळावयाची होती, त्याच्यावर आलेली ही केवढी आपत्ती! परंतु तिच्यामुळे त्यांनी आपला मार्ग सोडला नाही.

वयाची चाळिशी उलटल्यावर ते हिंदुस्थानात आले. त्या वेळी त्यांच्या पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली. हेच ते वेलस्ली, ज्यांनी १८०० साली धोंडिया वाघाचा पाठलाग करीत राणेबेन्नूर व डंबळपर्यंतचा आपला मुलूख पालथा घातला आणि जे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाले. १७९९ च्या म्हैसूरच्या युद्धात श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या सुमारास एके रात्री इंग्रजांची एक तुकडी अंधारात चालली होती. आकाशातील तारे पाहून लॅम्बटन यांच्या ध्यानात आले की, उत्तरेकडे जाण्याऐवजी तुकडी दक्षिणेकडे, थेट टिपू सुलतानाच्या छावणीच्या दिशेने निघाली आहे. त्यांनी सेनापती बेअर्ड यांना तसे सांगितले. होकायंत्र पाहिल्यावर त्यांचे म्हणणे खरे ठरले आणि तुकडी वाचली. ताऱ्यांवर इतका विश्वास असलेला हा गणिती लवकरच सर्वांच्या नजरेत भरला.

टिपूच्या पाडावानंतर कंपनीच्या हाती विस्तीर्ण प्रदेश आला. सैन्य न्यावयाचे तर वाट माहीत हवी आणि सारा वसूल करावयाचा तर जमीन माहीत हवी, हा कंपनीचा उघड हेतू होता. मोजणी ही परकी सत्तेची गरज होती, हे येथे नजरेआड करून चालणार नाही. परंतु लॅम्बटन यांच्या मनात त्याहून मोठी एक कल्पना होती. एक शेत मोजावे, त्याला लागून दुसरे मोजावे, गावाला गाव जोडीत जावे, असे केले तर प्रत्येक मोजणीतील लहानशी चूक पुढच्या मोजणीत मिसळते आणि शंभर कोसांवर जाईपर्यंत नकाशा कोठल्या कोठे भरकटतो. घर बांधणारा आधी खांब आणि तुळया उभ्या करतो व मग भिंती भरतो. त्याप्रमाणे आधी साऱ्या देशावर अचूक बिंदूंची एक चौकट उभी करावी आणि मग तिच्या आत लहान मोजण्या बसवाव्यात, अशी त्यांची योजना होती. या कामाने आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळणार होते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. पण ती नेमकी किती चपटी आहे, हे जाणण्यासाठी दक्षिणोत्तर रेषेचा एक लांब कंस मोजणे आवश्यक होते. वेलस्लींच्या पाठिंब्यामुळे मद्रास सरकारने या योजनेस मान्यता दिली.

या मोजणीचे तत्त्व शाळेत भूमिती शिकलेल्या कोणासही समजेल. त्रिकोणाची एक बाजू आणि त्याचे कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्यांपैकी एका बाजूवर दुसरा त्रिकोण उभारता येतो, त्यावर तिसरा, आणि असे करीत डोंगरामागून डोंगर ओलांडीत शेकडो मैल जाता येते. साखळीने प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते ती फक्त पहिली आधाररेषा. मात्र तीच चुकली, तर पुढचे सर्व त्रिकोण चुकतात.

ही पहिली आधाररेषा मोजण्यास मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी १० एप्रिल १८०२ रोजी प्रारंभ झाला. रेषेची लांबी होती साडेसात मैल. ती मोजण्यास लागले ५७ दिवस. हाती १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. वीस-वीस फुटांच्या पाच लाकडी पेट्या तिवयांवर एका पातळीत मांडावयाच्या, त्यांत साखळी ताणून बसवावयाची, उन्हाने पोलाद किती प्रसरण पावले ते कळावे म्हणून शेजारी उष्णतामापक ठेवावयाचे, नोंद घ्यावयाची आणि मग सारा सरंजाम उचलून पुढे न्यावयाचा. असे सुमारे ४०० वेळा करावे लागले. मद्रासचा एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळा कसा असतो याची कल्पना केली, म्हणजे साखळीवाल्यांच्या अंगचा चिवटपणा ध्यानात येईल. शंभरातल्या एकाने तिवई किंचित हलविली, तरी सर्वांचे श्रम वाया जावयाचे!

पुढच्या कामासाठी लागणारे मोठे कोनमापक यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनच्या केरी नावाच्या कारागिराने घडविले होते. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. परंतु पेटीत शास्त्रीय उपकरण आहे हे कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रांत वैर पेटले असतानाही विद्येचा असा मान राखला गेला, ही घटना आजही आदर वाटावा अशीच आहे. या यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते डोंगराच्या माथ्यावर चढवावयाचे, ते केवळ माणसांच्या खांद्यावरून.

येथून लॅम्बटन यांच्या पथकांचे खरे जीवन सुरू झाले. त्यांच्या तळावर कोण नव्हते? मद्रासच्या मोजणी शाळेत तयार झालेले तरुण साहाय्यक होते. जोशुआ डी पेनिंग हे त्यांतलेच; ते पुढे लॅम्बटन यांचा उजवा हात बनले. तंबू ठोकणारे व यंत्रे जपणारे खलाशी, ओझी वाहणारे हमाल, साखळीवाले, झाडे तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे कुऱ्हाडवाले, सुतार, लोहार, पहारेकरी, असा तो एक फिरता गावच होता. या सर्वांत कठीण काम निशाणवाल्यांचे असे. ज्या दूरच्या टेकडीचा कोन घ्यावयाचा, तिच्यावर दोन-चार माणसे निशाण घेऊन आधी जाऊन बसत. ढग, धुके व पाऊस यांमुळे कधी कधी दिवसामागून दिवस जात, तरी निशाण दुर्बिणीत दिसत नसे. आणि कोन मिळेपर्यंत त्या माणसांना जागा सोडता येत नसे. त्यांचा शिधा संपण्यापूर्वी पोहोचविणे, एकाचे काम संपताच दुसऱ्या टेकडीवर निशाण उभे राहील असा क्रम लावणे, गावोगावच्या पाटलांची व अधिकाऱ्यांची परवानगी मिळविणे, हे सारे मुख्य अधिकाऱ्यालाच पाहावे लागे. दुर्बिणी लावून डोंगरावर बसणाऱ्या या परक्यांविषयी गावकऱ्यांच्या मनात संशय येणे स्वाभाविक होते. अशा प्रसंगी घाई व अरेरावी उपयोगी पडत नसे. लॅम्बटन यांचा थंड, सोशिक स्वभावच उपयोगी पडे.

मद्रासपासून निघालेली त्रिकोणांची माळ बंगळूरला पोहोचली, तेव्हा १८०४ साली तेथे दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. दोनशे मैलांवरून गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत फरक निघाला चार इंचांहूनही कमी! हीच माळ पुढे पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरपर्यंत गेली आणि या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी ४०० मैल नसून ३६० मैलच आहे असे सिद्ध झाले. जुन्या नकाशांतील ४० मैल भूमी अशी एका झटक्यात नाहीशी झाली!

त्यानंतर दक्षिणोत्तर कंसाचे काम हाती घेण्यात आले. १८०८ साली तंजावर येथे मोठा अनर्थ ओढवला. सपाट मुलुखात उंच टेकडी नसल्यामुळे थिओडोलाइट तेथील महामंदिराच्या शिखरावर चढविण्यात येत होता. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. ज्या वर्तुळावर अंशांच्या बारीक रेषा कोरलेल्या होत्या, ते वर्तुळच वाकले. नवे यंत्र इंग्लंडहून येण्यास फार काळ लागला असता. लॅम्बटन यांनी कोणावर आगपाखड केली नाही. निवडक कारागिरांना घेऊन ते तंबूत शिरले व इतरांना मज्जाव केला. सहा आठवडे पाचरी, मळसूत्रे आणि कप्प्या यांच्या साहाय्याने ते वाकलेले वर्तुळ केसाकेसाने मूळ आकारावर आणीत राहिले, आणि त्याच यंत्राने पुढे अनेक वर्षे काम केले. यंत्र मोडले असताना माणसांना मोडू न देणे, हा नायकाचा पहिला गुण होय.

कन्याकुमारीच्या परिसरापासून गुत्तीवरून कंस उत्तरेकडे सरकत १८१५ च्या सुमारास बिदरजवळ पोहोचला. ठिकठिकाणी नवी आधाररेषा मोजून जुन्या गणिताची परीक्षा घेण्याचा नियम त्यांनी कधी मोडला नाही. गोव्यापासून मछलीपट्टणपर्यंतचा आणि उत्तरेस मराठे व निजाम यांच्या सरहद्दीपर्यंतचा सारा दक्षिण प्रदेश त्रिकोणांनी भरून निघाला. त्या काळी आपला धारवाडचा मुलूख त्या सरहद्दीलगतच होता. १ जानेवारी १८१८ पासून ही मोजणी थेट गव्हर्नर-जनरलांच्या अखत्यारीत आली आणि हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी असे तिचे नाव पडले. जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी त्यांचे मुख्य साहाय्यक म्हणून नेमले गेले.

या यशाची किंमत मात्र फार मोठी होती, आणि ती सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. पावसाळ्यात हवा धुऊन स्वच्छ होते व दूरची निशाणे स्पष्ट दिसतात, म्हणून लॅम्बटन यांनी तोच ऋतू निरीक्षणासाठी निवडला होता. परंतु तोच ऋतू जंगलातील हिवतापाचा. १८१९ साली एव्हरेस्ट यांचे पथक कृष्णा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या येल्लापुरम् नावाच्या अरण्यात गेले. हे आपल्या शेजारचे यल्लापूर नव्हे. तेथे एव्हरेस्ट यांच्यासह सुमारे दीडशे माणसे तापाने अंथरुणास खिळली. त्यांना आणण्यासाठी हैदराबादेहून हत्ती व पालख्या पाठवाव्या लागल्या. तरीही पंधरा माणसे दगावली. एव्हरेस्ट यांना प्रकृती सुधारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेस जावे लागले. त्या पंधरा जणांची घरे कोठे होती, त्यांच्यामागे कोण रडले, हे इतिहासात नमूद नाही.

येथे दोन नायकांची तुलना उद्बोधक ठरते. लॅम्बटन शांत व प्रेमळ होते. माणसे त्यांच्यापाशी वर्षानुवर्षे टिकून राहत. एव्हरेस्ट तापट व कठोर होते; पण अनुभवातून त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट शिकून घेतली. रात्री दूरवरचे दिवे वातावरणातील वक्रीभवनामुळे किंचित उचलल्यासारखे होऊन स्पष्ट दिसतात, हे त्यांनी हेरले. आणि कोरड्या ऋतूत रात्रीच्या वेळी निरीक्षण करण्याची पद्धत पाडली. त्यामुळे पावसाळ्यातील मारक अरण्यवास टळला. सोबत्यांवर माया करणे हा जसा नायकाचा धर्म, तसाच त्यांचे प्राण वाचतील अशी रीत शोधून काढणे हाही त्याचा धर्म होय. पहिल्या धर्मात लॅम्बटन श्रेष्ठ ठरले. दुसऱ्यात त्यांना त्यांच्या शिष्याने मागे टाकले. थोर माणसांचे गुण घेताना त्यांच्या कार्यातील उणीवही डोळसपणे पाहिली, तर त्यांचा मोठेपणा कमी होत नाही.

लॅम्बटन यांच्या कार्याचा गौरव लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही केला. पण ते मायदेशी परतले नाहीत. सत्तरीच्या आसपास, खोकल्याने व क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन, १८२३ च्या आरंभी ते हैदराबादेहून नागपूरकडे निघाले. तेथे मोजणीचे नवे ठाणे घालावयाचे होते. नागपूर काही मजलांवर राहिले असताना, सध्याच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी वाटेवरच त्यांचा अंत झाला. तेथेच त्यांची समाधी आहे. एकवीस वर्षांत त्यांनी सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेश त्रिकोणांच्या चौकटीत आणला होता.

काम मात्र थांबले नाही. एव्हरेस्ट यांनी तो कंस पुढे नेऊन १८४१ साली हिमालयाच्या पायथ्याशी पूर्ण केला. त्याची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर भरली. याच त्रिकोणांच्या आधारे, राधानाथ सिकदार यांच्यासारख्या हिंदी गणितज्ञांच्या परिश्रमाने, हिमालयातील शिखरांच्या उंचीची गणिते झाली. जगातील सर्वोच्च शिखराला नाव मिळाले एव्हरेस्ट यांचे. ज्यांनी पहिली साखळी ताणली त्या लॅम्बटन यांची आठवण हिंगणघाटच्या मातीत राहिली.

अशा चौकटीच्या आत गावोगावच्या मोजण्या बसतात. १८४० च्या दशकात कॅप्टन विंगेट यांच्या देखरेखीखाली आपल्या धारवाड भागाची महसुली मोजणी झाली. मुंबई इलाख्यात त्या कामी ३३ फुटांची साखळी वापरीत. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. अशी एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपल्या घरच्या जुन्या कागदांवरील एकर-गुंठ्यांचे आकडे त्या साखळीवाल्यांच्या पायपिटीतून आलेले आहेत.

आता साखळी गेली, डोंगरावरची निशाणे गेली. त्यांच्या जागी उपग्रह आणि कायम केंद्रे आली. परंतु आधी मोठी चौकट अचूक करावी व मग लहान मोजावे, एका मोजणीवर विसंबू नये, आलेले उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळावे, हे लॅम्बटन यांचे नियम यंत्र बदलले तरी बदललेले नाहीत. पथकाचा नायकही तसाच हवा. कोणता बिंदू कोणी कधी मोजावयाचा हे त्याने आधी ठरवावे, भर उन्हात उभ्या असलेल्या मदतनिसाच्या पाण्याची व सावलीची चिंता वाहावी, आणि चूक झाली तर ती झाकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला जवळ करावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंते व्हाल, कोणी मोजणीदार व्हाल, कोणी आपल्या वडिलांचे शेत सांभाळाल. हाती येणारा प्रत्येक नकाशा पाहताना हे ध्यानी असू द्या की, त्यावरील प्रत्येक रेषेसाठी कोणीतरी टेकडीवर निशाण धरून उभे होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. पण ते आपल्या जागेवरून हलले नाहीत, म्हणूनच या देशाला आपले खरे मोजमाप कळले.